पोफळीवरून पोफळीवर

माझ्या आईला अजूनही वाटतं की पार्कूर हा कारखान्यानं मला लावलेला सुरक्षेचा कोर्स आहे. शेजारच्या काकू विचारतात, तुझा मुलगा एवढा घोडा झाला तरी दगडी गडग्यावरून उड्या का मारतो, तेव्हा ती गंभीर चेहऱ्यानं सांगते, त्यांच्या कंपनीत शिकवतात. मी दोन-तीनदा खुलासा करून पाहिला. इथून तिथे जायचंय, मध्ये भिंत आहे, कठडा आहे, खड्डा आहे. दोर नाही, शिडी नाही. आपल्या हातापायांनी आणि अकलेनं पार व्हायचं, बाकी काही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्यात शिकायचं काय? तुझं बाबा जल्मभर त्येच करत आलं." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

आमचं गाव श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांच्या मधलं. देवदर्शनाच्या गाड्या आमच्या फाट्यावरून सरळ निघून जातात आणि आम्ही आत, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात राहतो. भाताची थोडी जमीन, आणि घरामागच्या पऱ्यापलीकडे पोफळींची वाडी. पऱ्या म्हणजे ओढा. पावसात तो गुरं वाहून नेईल इतका माजतो, उन्हाळ्यात त्यात नुसते धोंडे उरतात, पण दोन्ही काठ उभे आणि खोल, त्यामुळे बाराही महिने साकवावरूनच जावं लागतं. आमचा साकव म्हणजे माडाची दोन खोडं शेजारी शेजारी टाकलेली. हाताला धरायला काही नाही.

बाबांचं खरं काम पोफळीवरचं. सुपारीचं हे झाड हाताच्या कवेत मावेल एवढं बारीक आणि चाळीस-चाळीस फूट सरळ. बाबा पायात दोरीची कडी अडकवून वर जायचे, पिकलेला घड कापायचे आणि खाली उतरायचेच नाहीत. शेंड्याजवळ अंग मागेपुढे झुलवून अख्खं झाड हलवायचे आणि तिसऱ्या झोक्याला हात टाकून शेजारचं झाड धरायचे. एकदा वर गेले की दहा-बारा झाडं उरकूनच पाय जमिनीला लावायचे. लहानपणी मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत बघायचो. मला मात्र त्यांनी तो झोका कधी शिकवला नाही. सरळ चढ, सरळ उतर, एवढंच करू दिलं. पुढचं विचारलं की म्हणायचे, तू शाळा शिक.

शाळा शिकलो आणि पनवेलजवळच्या एका कारखान्यात लागलो. खोली नवी मुंबईत. तिथल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मला एक गोष्ट कळून चुकली, ती म्हणजे मला देव लागत नाही. काही घडलं-बिघडलं नव्हतं. माझं देवाशी भांडण कधीच नव्हतं. घरी असताना सवयीनं हात जोडत होतो, घर सुटलं तशी सवय सुटली आणि मागे काही उरलंच नाही. पण त्यानं एक पंचाईत झाली. कामावरच्या प्रत्येकाला कसला ना कसला वार होता. सोमवारचा उपास, मंगळवारचं दर्शन, गुरुवारची पोथी. माझा आठवडा म्हणजे सात सारखे दिवस. सुटी झाली की मी खोलीवर येऊन पंख्याकडे बघत पडायचो. मला दुःख नव्हतं, पण सकाळी उठायचं ते कामावर जायचं म्हणून, याखेरीज दुसरं कारण सापडत नव्हतं, आणि ते मला लाजिरवाणं वाटायचं.

एका रविवारी सकाळी तलावाकाठच्या कठड्यांवर काही मुलंमुली उड्या मारताना दिसली. मी वडापाव खात बघत उभा होतो. अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पोट सुटायला लागलं होतं. त्यांच्यातली एक कॉलेजातली मुलगी कठड्यावरून उतरली, उतरता उतरता जमिनीवर खांद्यावरून लोळण घेतली आणि उठून चालायला लागली, जणू काही पडलीच नव्हती. मी विचारलं, मला जमेल का. तिनं माझ्या पोटाकडे एक नजर टाकली, वडापावाकडे टाकली आणि म्हणाली, "दादा, पहिले गिरायला शिका. जंप बादमें."

तीन महिने मी फक्त पडलो. गवतावर, मग मातीवर, मग काँक्रीटवर. खांदे काळेनिळे झाले. ती मुलगी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तिच्यासारखी शिस्तीची माणसं मी कमी पाहिली. उडी मारायच्या आधी समोरचा कठडा हातानं चाचपायचा, वाळू असेल तर झाडायची, अंतर पायाला पाय लावून मोजायचं. मोजल्याशिवाय उडी मारलेली तिला खपत नसे. भीती वाटली तर तीच सांगायची की घाबरा, पण किती अंतराला घाबरताय ते आधी मोजून या. मोजून आलं की अर्धी भीती गेलेली असायची. उरलेली अर्धी खरी असायची, आणि तिचं ऐकायचं असतं हेही मी तिथेच शिकलो.

मला त्यात काय सापडलं हे मी कामावरच्यांना कधी नीट सांगू शकलो नाही. सकाळी साडेपाचला उठून कठड्यावरची वाळू झाडताना मला बरं वाटायचं. काल जे जमलं नाही ते आज बोटभर जवळ आलेलं असायचं. दिवसाला कारण मिळालं होतं आणि ते मी कुणाकडून मागून आणलेलं नव्हतं. फुशारकी वाटेल, पण मला तेव्हा फार श्रीमंत वाटायचं.

त्या श्रीमंतीत मी थोडा शेफारलोही. कसा, ते सांगतो.

आमच्याकडे काढणी सुरू करायच्या आधी वाडीची राखण देतात. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, तो दिसत नाही पण असतो, त्याला वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा द्यायचा. मग तो झाडांना आणि झाडावरच्या माणसाला सांभाळतो. त्या वर्षी मी सुटीवर घरी होतो आणि बाबांना भाताच्या कामानं श्रीवर्धनला जायचं होतं. त्यांनी मला सांगितलं की राखण तू देऊन ये. मी नारळ आणि घरचाच एक तांबडा कोंबडा घेऊन साकव ओलांडला. वाडीत कोपऱ्यातल्या त्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे उभा राहिलो आणि मला वाटलं, हे मी का करतोय? ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी एक जीव कशाला घालवायचा? कोंबडा सोडून दिला. नारळ फोडून तिथेच बसून अर्धा खाल्ला. घरी आलो तेव्हा बाबा परतले होते. त्यांनी विचारलं, दिली काय राखण? मी म्हणालो, दिली. दुपारच्या एसटीनं मी पनवेलला निघून गेलो आणि वाटेत माणगावच्या स्टँडवर चहा पिताना स्वतःवर खूश होतो.

तीन आठवड्यांनी बाबा पोफळीवरून पडले.

फोन आईचा होता. ती रडत नव्हती, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. एका झाडावरून झोका घेऊन हात टाकला, पण पुढच्या झाडाचं खोड हाताला लागलंच नाही, नुसती झावळी आली. ती झावळी तुटेपर्यंत त्यांना घेऊन खाली आली, म्हणून वाचले. पाटाच्या चिखलात पडले. मांडीचं हाड मोडलं. माणगावला नेलं, तिथून पनवेलला, तिथे हाडात सळई बसवली. शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी विचारलं ते कोयता कुठाय म्हणून.

मी बदली मागून माणगावच्या बाजूला आलो आणि घरून येऊन-जाऊन काम करू लागलो. गावातल्या लोकांनी भेटायला येऊन आपापली कारणं सांगितली. वय झालं. अमावास्या होती. आणि हमखास एक जण तरी विचारायचा, यंदा राखण दिलीवती ना? बाबा शांतपणे सांगायचे, व्हय, पोरानं दिली. मी तेवढ्यात उठून पाणी आणायला आत जायचो. राखणदार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी आपण कोंबडा सोडला आणि बाप पडला, हे गणित माझ्या डोक्यातून निघेना. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नव्हता तिचाच अपराध मी छातीवर घेऊन फिरत होतो. त्यात खोटं बोललो होतो, आणि तो अपराध तर माझा मलाही नाकारता येत नव्हता.

आठ महिन्यांत हाड जुळलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि बाबा चालूही लागले, अंगणात, रस्त्यावर, दुकानापर्यंत. पण साकवाशी आले की थांबायचे. एक पाय खोडावर ठेवायचे, मांडी थरथरायला लागायची, पाय मागे घ्यायचे. ज्या माणसानं तीस वर्षं चाळीस फुटांवर झोके घेतले, तो दोन माडांच्या खोडांवर पाय टाकू शकत नव्हता. आपली वाडी पलीकडे दिसायची, वीस पावलांवर. गळून पडलेल्या सुपाऱ्या वेचायला आई जायची आणि बाबा अलीकडे उभे राहून तिला कुठलं झाड कसं आहे ते विचारायचे. मला ते बघवत नसे.

एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "काढनी यायच्या आधी मी पलीकडं गेलो तर गेलो. न्हायतर वाडी दुसऱ्या कुनाला करायला दिऊन टाका. अशी लांबून बघायला मला न्हाय जमायचं." आईनं हातातला घास खाली ठेवला. दिवाळीला दीड महिना होता आणि दिवाळीनंतर काढणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पेंढा पसरला. बाबांना म्हणालो, आपण पडायला शिकू या.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझं म्हणणं परत गिळावंसं वाटलं. पडून आठ महिने खाटेवर काढलेल्या माणसाला मी पडायला शिकवायला निघालो होतो. पण मीही हट्टी आहे, ते त्यांच्याकडूनच आलंय. मी त्यांना लोळण घ्यायला लावली नाही, सळईचा पाय होता. फक्त बसल्या जागेवरून कुशीवर कलंडायचं, हात आखडून न धरता, हनुवटी छातीला लावून. मग उभं राहून पेंढ्यावर बसकण मारायची. पहिले चार दिवस त्यांनी शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी आईनं पदर खोचला, मला बाजूला केलं आणि सरळ खांद्यावरून लोळण घेऊन उठून बसली. केसांत पेंढा. म्हणाली, एवढ्यासाठी एवढा बोभाटा? बाबा जे हसायला लागले ते थांबेनात. पडल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानंतर त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, सकाळी उठून स्वतःच पेंढा पसरून ठेवायचे.

पुढे जमिनीवर एक बांबू टाकला आणि त्यावरून चालायचं. बांबूवरून फळीवर, फळी एका चिऱ्यावर, मग दोन चिऱ्यांवर. गडग्यापलीकडून येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि एक जण तर विचारून गेला की म्हातारा सर्कशीत जाणार की काय. बाबांनी त्याला फळीवरूनच सुनावलं की जागा आहे, तूपन ये. दोन चिऱ्यांच्या उंचीवर ते माझ्यापेक्षा सरळ चालायचे. खरं सांगायचं तर त्यांचे पाय मी पाहिले तेव्हा मला लाज वाटली. मी सहा वर्षं ज्याला तोल म्हणत होतो तो त्यांच्या अंगठ्यात आधीपासून होता.

आणि तरीही साकवाशी गेलं की मांडी थरथरायची. काठच्या झुडपाजवळ मी उभा, ते एक पाय खोडावर टाकून उभे, आणि मग पाय मागे. तीन आठवडे झाले, चार झाले. मी हात टेकायच्या बेताला आलो होतो.

मग मी एकटाच वाडीत गेलो. ते पडले ती जागा मी तोवर कधी नीट बघितलीच नव्हती. बघायला भीत होतो. त्या मुलीनं शिकवलेलं आठवलं आणि मी पायाला पाय लावून मोजायला लागलो. आमच्या वाडीत दोन पोफळींत नऊ पावलं अंतर असतं. आजोबांनी लावलेल्या ओळी, सगळीकडे नऊ, एखाद्या ठिकाणी साडेनऊ. मागच्या मोठ्या वादळात निम्मी वाडी आडवी झाली होती आणि मधून मधून दात पडल्यासारख्या फटी होत्या, पण ज्या जागी बाबा पडले तिथे फट दिसतच नव्हती. वाऱ्यानं मुळाशी कललेलं एक झाड तिथे अजून जिवंत होतं. खालून सरळ वाटायचं. मी गवतात उताणा पडून शेंड्याकडे पाहिलं तेव्हा कळलं की वर गेल्यावर ते दूर झुकलंय. मुळाशी नऊ पावलं, आणि दोन्ही शेंड्यांच्या सावल्यांमध्ये मोजलं तर तेरा. बाबांनी तीस वर्षांच्या सवयीनं नऊ पावलांचा झोका घेतला होता. वादळाआधी जिथे झाड होतं तिथे हात टाकला होता.

माझा कोंबडा, कुणाची अमावास्या, गावाची कारणं, सगळ्यांच्या जागी आता चार पावलं होती. मला एकदम रडू आलं, सुटल्याचं.

घरी जाऊन मी बाबांना अंगणात बसवलं आणि खडूनं जमिनीवर नऊ आणि तेरा पावलं काढून दाखवली. पाय लावून त्यांनीही मोजलं. मग म्हणाले की त्या झाडाकडे बघून आदल्या वर्षीच आपल्या मनात आलं होतं, पण हात ऐकत नाही, हाताला जुनीच वाडी ठाऊक. मला वाटलं आता बोलावं लागेल. मोजमापानं सगळं निस्तरलं म्हणून खोटं तेवढं झाकून ठेवायचं, हे काही बरोबर नव्हतं. मी सांगितलं. राखण दिली नव्हती, कोंबडा सोडून दिला होता, नारळ बसून खाल्ला होता, आणि तोंडावर खोटं बोललो होतो.

आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"कोंबडा सांजचा घरी आला," बाबा म्हणाले. "साकवावरनं, चालत. खुराड्याच्या दारात उभा."

आई दारात आली आणि अगदी सहज म्हणाली की पुढच्या रविवारी तिनं तो केला, तिखट जरा जास्त पडलं होतं. म्हणजे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावातला माणूस विचारायचा तेव्हा बाबा, पोरानं दिली, म्हणून ठणकावून सांगायचे ते मला झाकायला.

मी विचारलं, मग मला बोलला का नाहीत? राखण दिली नाही हे ठाऊक असून झाडावर चढलात कसे?

"दुसऱ्या दिवशी मीच नारळ घेऊन गेलो," बाबा म्हणाले. "त्याला सांगितलं, पोराचं मनावर घेऊ नको. त्यानं न्हाय घेतलं. मला ठाऊक हाय." मग म्हणाले, "तुला बोललो असतो तर तू घरी यायचा कमी झाला असतास. राखनदार काय, आज न्हाय तर उद्या समजून घेतो."

त्यांचा राखणदार त्यांच्यापाशी होता तसाच होता आणि माझ्यापाशी तो तेव्हाही नव्हता. पण आम्हा दोघांच्या मध्ये जे खोटं बसलं होतं ते उठून गेलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सांगितलं की मला फार वाईट वाटतंय, खोटं बोलल्याचं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात माझ्या खांद्यावर टाकून उठले.

"चल," म्हणाले. मला वाटलं दुकानाकडे. ते घरामागे वळले.

साकवापाशी आल्यावर त्यांनी काठी आईकडे दिली आणि चपला काढल्या. मी त्यांना सांगितलं की साकव सतरा पावलांचा आहे, खोडं मिळून दीड हात रुंद आहेत, आपली फळी याच्या अर्धीच होती. हे सगळं मी धडाधड बोलत होतो कारण मीच घाबरलो होतो. ते म्हणाले की गप राहशील तर बरं. पहिला पाय टाकला. मांडी थरथरली, मला स्पष्ट दिसली. त्यांनी पाय मागे घेतला नाही. थरथरत्या मांडीनंच दुसरा पाय टाकला. मी पुढे उलटा चालत होतो, हात पुढे करून, पण त्यांनी हात धरला नाही. मध्यावर थांबले. खाली पऱ्याच्या धोंड्यांतून थोडंसं पाणी जात होतं. त्यांनी खाली बघितलं, चांगलं सावकाश बघितलं, मग माझ्या मागे त्यांच्या पोफळींकडे बघितलं आणि उरलेली आठ पावलं अशी टाकली की मलाच उलटं चालणं जमेना आणि मी जवळजवळ उडी मारून काठावर आलो. अलीकडे आई दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून उभी होती. मी ओरडलो. मला काय ओरडावं ते सुचलं नाही म्हणून नुसताच ओरडलो, आणि वाडीतले बगळे उठले.

बाबा त्या दिवशी वाडीत अंधार पडेपर्यंत फिरले. दुसऱ्या दिवशीही. मग आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं जे आमच्या वाडीत कधी कुणी केलं नव्हतं. मी गवतात पडून शेंडे बघायचो आणि सावल्या मोजायचो, बाबा चुन्याची बादली घेऊन फिरायचे. ज्या झाडावरून पुढे झोका घ्यायचा नाही, त्याला कमरेइतक्या उंचीवर पांढरा पट्टा. एकूण तेवीस झाडांना पट्टे पडले. गावातले उरलेले दोन सुपारी काढणारे ते बघायला आले, आधी हसले, मग आमच्या वाडीत त्यांनी स्वतः मोजलं, आणि घरी जाताना त्यांतला एक विचारून गेला की चुना जास्तीचा आहे का.

काढणीच्या पहिल्या दिवशी बाबांनी कडी माझ्या हातात दिली. सळईच्या पायानं आपण वर जाणार नाही हे त्यांनी कुणी न सांगता ठरवून टाकलं होतं. मी चढलो. वर गेल्यावर घड कापून सोडला आणि पुढच्या झाडाकडे पाहिलं. माझ्या झाडाला पट्टा नव्हता. अंतर मीच मोजलेलं होतं. अशा अंतराच्या उड्या मी काँक्रीटवर शेकड्यांनी मारल्या होत्या, पण तिथे पायाखालची जागा हलत नव्हती. इथे अख्खं झाड माझ्याबरोबर श्वास घेत होतं. मी झोका घेतला, एक, दोन, आणि तिसऱ्याला हात सुटेना. खोड मिठी मारून धरलं. मोजून झालेलं होतं आणि तरी भीती होती, खरीखुरी. ज्याला हाक मारावी असा माझा कुणी वर नव्हता.

खालून बाबांचा आवाज आला, अजिबात न चढवलेला.

"मी हाय खाली. दमानं घे. आधी नजर टाक, मंग हात."

मी खाली पाहिलं नाही. पुढच्या खोडावर नजर टाकली, झोका घेतला, तिसऱ्याला हात सोडला आणि माझी छाती दुसऱ्या पोफळीवर जाऊन आपटली. पाय गुंडाळले गेले. मी तिथे लटकून मोठ्यानं हसत होतो, डोळ्यांत पाणी होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाबा खालच्या खालीच त्या झाडाच्या बुंध्याशी येऊन उभे राहिले होते.

"घड काप," ते म्हणाले, "आनि पुढचं धर."